चकव्याच्या वाटेवरील पाहुणा

महाराष्ट्र व तामिळनाडू मिळून बारा किल्ल्यांना ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून पायी हिंडून इतिहास पाहण्याची जी हौस आपल्याकडे सर्वत्र जागी झाली आहे, ती स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु तिच्या पाठोपाठ, दिवेलागणीनंतर निघून पडके वाडे, बारवा आणि पिंपळाचे पार यांच्या कडेकडेने जाणाऱ्या भुताखेतांच्या फेऱ्यांचाही बोलबाला होऊ लागला असून, हिवाळी सुट्टीचे बेत ठरत असताना त्यांत सामील होणाऱ्या पाहुण्याने कसे वागावे याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. विलायतेत यॉर्क शहरी अशी फेरी १९७३ पासून चालू आहे, आणि दिल्लीच्या पर्यटन खात्याने मे २०२३ मध्ये मालचा महालापासून तोच उपक्रम आरंभिला. त्या महालाचा अखेरचा रहिवासी २०१७ साली तेथेच एकाकी वारला, म्हणजे ज्याच्या छायेचे भय दाखवायचे तो मनुष्य कालपरवापर्यंत दिल्लीच्या रस्त्यांवरून हिंडत होता, हे ध्यानात घेतले तर अशा ठिकाणी आपण तमासगीर म्हणून जातो की पाहुणा म्हणून, हा प्रश्न सहृदय माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

पुण्याचा शनिवारवाडा या बाबतीत सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथील आर्त हाकेची कथा पाठ नाही असा मराठी मनुष्य विरळा. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्याच राज्याच्या न्यायाधीशाने, रामशास्त्र्यांनी, सत्ताधारी चुलत्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हे सांगण्यापर्यंत जो वाटाड्या पोहोचतो तोच आपल्या पैशाला पात्र होय. भुताची गोष्ट सांगून जो तेथेच थांबतो, त्याने आपल्याला वाड्याच्या दाराशीच सोडले असे समजावे.

माझे मन मात्र पुण्यापेक्षा आपल्या राज्याच्या अगदी पूर्वेकडील टोकाशी अधिक रमते. गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सरहद्दीला लागून चिचगड आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यातील ही एक जमीनदारी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल गेला, मध्यप्रांत झाला, आणि १९५० च्या कायद्याने मालकी हक्क रद्द होऊन ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी व मालगुजारी इतिहासजमा झाली, तरी गावागावांतील 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, अद्याप धानाला पाणी देत आहेत. या मुलखाचा इतिहास दगडी किल्ल्यांत थोडा आणि पाळी, पाट, देवस्थाने व निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या चराई-लाकूडफाट्याच्या हक्कांच्या, वहिवाटी यांतच पुष्कळ साठलेला आहे. ज्याला तो वाचावयाचा असेल त्याने रात्रीच्या फेरीआधी एक सकाळ त्याच वाटेवर घालवावी, जमल्यास गावच्या वाजिब-उल-अर्जाची, म्हणजे वहिवाटींच्या जुन्या नोंदीची, प्रत पाहावी, कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला जाते हे एखाद्या वृद्धाला विचारावे. कारण उजेडात जे ठिकाण आपण ओळखले नाही, ते अंधारात आपल्याला भय देईल, ज्ञान देणार नाही.

याचा उत्तम दाखला अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध येथे मिळतो. डोंगरांच्या कुशीतील तो विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, आणि लोकांची श्रद्धा अशी की भोवतालच्या सात टेकड्या, ज्यांना सातबहिणी म्हणतात, त्यांच्या साहाय्यावाचून हे काम तडीस गेले नसते. बांधणारा मनुष्य पुढे देव झाला. कोलासुर या नावाने त्याची पूजा तेथील टेकडीवर होते. मृताची शक्ती एखाद्या जागी वास करते ही कल्पना इथे भयातून जन्मलेली नाही, कृतज्ञतेतून जन्मलेली आहे, आणि शहरी फेऱ्या काढणाऱ्यांनी कोलासुराला भुतांच्या यादीत टाकले तर तो कोहळी या स्थापत्यकुशल समाजाचा अपमान ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या गुहांविषयीही हेच म्हणावे लागते. माघी पौर्णिमेला देशभरातून गोंड बांधव तेथे आपल्या पूर्वजांच्या दर्शनाला येतात. तेथे टॉर्चचा झोत टाकून किंचाळ्या मारणे हे कोणाच्याही देवघरात शिरून किंचाळण्याइतकेच गर्हणीय आहे. पेनठाण्यावर, म्हणजे गोंडांच्या देवस्थानी, पादत्राणे बाहेर काढावीत, वाहिलेल्या मातीच्या घोड्यांना वा शिळांना हात लावू नये, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी पुजाऱ्याची संमती विचारावी.

आता चकव्याविषयी. या विषयाला मी जरा अधिक जागा देणार आहे, कारण विदर्भाच्या रानात रात्री हिंडणाऱ्याला ज्या एका अदृश्य शक्तीशी खरोखर गाठ पडण्याचा संभव आहे ती हीच. माणूस ओळखीच्या वाटेने निघतो, सरळच चालतो आहे अशी त्याची खात्री असते, आणि घटका-दोन घटकांनी तो पुन्हा त्याच मोहाखाली येऊन उभा राहतो. मग लोक म्हणतात, चकवा लागला. शहाणी मंडळी अशा वेळी एकच उपाय सांगतात, की धावाधाव न करता जागच्या जागी बसावे आणि तांबडे फुटण्याची वाट पाहावी. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान सूमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचताना मला आपल्या खेड्यांतील हीच म्हातारी माणसे आठवत राहिली. सूमानांनी माणसांना एका सपाट, विस्तीर्ण अरण्यात नेऊन काही तास सरळ चालण्यास सांगितले आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग नोंदविला. सूर्य दिसत होता तोवर ती बहुतेक सरळ चालली. आभाळ भरून आले त्या दिवशी मात्र ती वर्तुळे घेत राहिली आणि स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडूनही ते त्यांना कळले नाही. सहारा वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसत होता तोपर्यंत सरळ गेला, आणि चंद्र ढगाआड होताच वळणे घेत घेत आल्या दिशेने परत फिरला. डोळे बांधलेल्यांची वर्तुळे तर पुष्कळदा वीस मीटर व्यासाहूनही लहान भरली. एक पाय दुसऱ्याहून आखूड असतो म्हणून असे होते, हा जुना समज त्या प्रयोगांत टिकला नाही. 'सरळ' म्हणजे कोठे याविषयीच्या शरीराच्या अंदाजात पावलागणिक अल्पशी चूक साचत जाते, आणि सूर्य, चंद्र वा डोंगर यांसारखी बाहेरची खूण नसली की ती चूक दुरुस्त होत नाही. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून हसून सोडून देतो, त्या चकव्यात निरीक्षण अचूक होते आणि उपायही अचूक होता. कारण तेवढे माहीत नव्हते. मला हा शोध कोणत्याही भूतकथेपेक्षा अधिक रोमांचकारी वाटतो, आणि रानातल्या फेरीत वाटाड्याने आधी हाच सांगावा.

पाहुण्याने त्यातून घ्यावयाचा धडा व्यावहारिक आहे: अमावास्येची आणि ढगाळ रात्र टाळावी, वाटाड्याच्या नजरेआड जाऊ नये, चुकल्यास हिंडू नये. पडक्या वाड्यातून घशात अडकल्यासारखा चीत्कार आला व पांढरे काही निःशब्द उडाले, तर ते गव्हाणी घुबड आहे. रस्त्याच्या मधोमध दोन लालभडक डोळे चमकले तर तो बहुधा रातवा पक्षी, आणि त्याला प्रकाशाने फार वेळ दिपवू नये.

चिचगड परिसरात खरी धास्ती बाळगावी ती अस्वलाची आणि सापाची. मार्च-एप्रिलात मोहफुले पडू लागली की ती वेचण्यासाठी माणसे उजाडण्याआधीच रानात जातात आणि अस्वलेही त्याच झाडांखाली येतात. म्हणून त्या ऋतूत काळोखात रानवाट धरूच नये. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांवरून रात्री चालणे टाळावे. मण्यार रात्री चावते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते की माणूस दुर्लक्ष करतो. जाड बूट, हातात काठी, पुढे प्रकाश, आणि दंशाची नुसती शंका आली तरी थेट सरकारी दवाखाना. हा प्रदेश दीर्घकाळ नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेला होता, त्यामुळे रात्रीच्या हालचालीची वर्दी चिचगडच्या पोलीस ठाण्यात आधी देणे हे पाहुण्याच्या आणि गावकऱ्यांच्याही हिताचे आहे. जंगलात जावयाचे तर वनखात्याची परवानगी हवीच, शिवाय या तालुक्यातील अनेक ग्रामसभांना २००६ च्या कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळालेले असल्याने त्यांचीही संमती घ्यावी. केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारके सामान्यतः सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुली असतात, आणि तेथे नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही संयोजकाने सांगितले नसेल तर आपण जाणून असावे.

या सर्वांहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. 'गावात करणी कोण करते?', 'कोणाच्या अंगात येते?' असले प्रश्न पाहुण्याने कदापि विचारू नयेत. मेलेल्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता जिवंत माणसाकडे, बहुधा एखाद्या एकट्या विधवेकडे, बोट वळते, आणि आपली गाडी निघून गेल्यावर तिला त्याच गावात राहावयाचे असते. सरहद्दीपलीकडे छत्तीसगडात टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध २००५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्या वर्षअखेर त्याचा कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला त्रास देणे, भुताचे आवाहन करून लोकांत घबराट पसरविणे, साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, ही सर्व कृत्ये त्यात गुन्हा ठरविली आहेत. भूतकथा कथा म्हणून सांगण्यास त्या कायद्याची हरकत नाही. परंतु लपविलेल्या यंत्रातून आवाज काढून, माणसांना झाडाआड बसवून, 'येथे आजही दिसते' अशी ग्वाही देऊन जो पैसे घेतो त्याच्या फेरीत मी स्वतः पाऊल टाकणार नाही आणि वाचकांनीही टाकू नये.

नावनोंदणी करताना संयोजकाला दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात: गोष्ट सांगणारा त्या गावचा आहे काय, आणि शुल्कातील किती रक्कम त्याच्या हाती पडते. उत्तर टाळले गेले तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि एखाद्या आजोबांनी तलावाची, देवाची वा चकव्याची हकीकत मनापासून सांगितली आणि ती त्यांच्या परवानगीने आपण मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, तर तिची एक प्रत त्यांच्या नातवंडांना आणि एक गावच्या शाळेला अवश्य पाठवावी. त्या हकीकतींवर पहिला हक्क त्यांचा आहे.