ओढ्यातील दगडांची साक्ष

पुष्कळ घरांच्या देवघरात एक काळा, गुळगुळीत दगड असतो. त्यास शाळिग्राम म्हणतात. आजोबा रोज त्यास स्नान घालतात व त्यावर तुळस वाहतात. काही शाळिग्रामांना फट असते आणि त्या फटीतून आत वळत गेलेले सुंदर चक्र दिसते. हे चक्र कोणा कारागिराने कोरलेले नसते. मग ते तेथे आले कोठून?

शाळिग्राम नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. आज जेथे हिमालयाची शिखरे उभी आहेत, तेथे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्या समुद्रात अमोनाइट नावाचे शंखधारी प्राणी राहत. कोकणच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारा माकूल हा त्यांचा दूरचा आप्त होय. प्राणी मेला म्हणजे त्याचा शंख तळाच्या गाळात रुतून बसे. त्यावर नव्या गाळाचे थर साचत. हळूहळू गाळाचा खडक झाला. पुढे भूपृष्ठाच्या प्रचंड हालचालींनी तो समुद्रतळ उचलला जाऊन त्याचा पर्वत बनला. गंडकीने तो पर्वत कोरला आणि खडकातील गोटे आपल्या पात्रात आणून टाकले. भाविकाला त्या चक्रात विष्णूचे चिन्ह दिसते, तर शास्त्रज्ञाला त्यात एका लुप्त समुद्राची खूण दिसते.

प्राचीन काळच्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या खडकात टिकून राहिलेल्या अशा अवशेषांना जीवाश्म असे म्हणतात. कवच, हाड, दात, लाकूड यांसारखे कठीण भाग बहुधा टिकतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्यातील क्षार शिरतात आणि काळांतराने मूळ पदार्थाची जागा घेतात. त्यामुळे आकार लाकडाचा व वजन दगडाचे, असा प्रकार होतो. कधी मूळ वस्तू नाहीशी होते व तिचा केवळ ठसा उरतो. पानांचे जीवाश्म पुष्कळदा असे ठसेच असतात.

जीवाश्म शोधणारे लोक ओढ्यानाल्यांच्या काठाने का हिंडतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. जमिनीवर माती व गवत यांचे आच्छादन असते. ओढा मात्र ते खरवडून काढतो. त्याच्या काठाला खडकांचे थर उघडे पडतात आणि तळाशी वरच्या भागातून वाहत आलेले दगड गोळा होतात. जे काम माणसांना कुदळीने करावयास अनेक दिवस लागतील, ते ओढा एका पावसाळ्यात उरकतो.

परंतु प्रत्येक ओढ्यात जीवाश्म सापडतील, असे मात्र नव्हे. सह्याद्रीचा काळा कातळ हा भूगर्भातून वर आलेल्या तप्त शिलारसापासून झाला आहे. अशा रसात जीवाचा अवशेष कसा टिकणार? तथापि, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा शिलारस एकदम न येता थांबून थांबून येत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी निर्माण झाली. त्यांच्या काठी झाडे वाढली आणि पाण्यात गोगलगायी व मासे नांदू लागले. पुढच्या शिलारसाने त्या तळ्यांचा गाळ झाकून टाकला. विदर्भातील कित्येक ठिकाणी काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये असा गाळाचा पातळ थर आढळतो आणि तोच जीवाश्मांचा खजिना होय. याखेरीज कामठीजवळच्या वाळुखडकात याहूनही फार प्राचीन पानांचे ठसे मिळाले आहेत. सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्मांचे उद्यानच करण्यात आले आहे. गोदावरी व मांजरा या नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती व रानबैल यांची अश्मीभूत हाडे सापडली आहेत.

नागपूरजवळच्या टाकळी येथील थर प्रथम जगापुढे आणला तो स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोन धर्मोपदेशकांनी. हिस्लॉप हे स्कॉटलंडहून नागपुरास आले आणि तेथे त्यांनी शाळा काढली. फावल्या वेळात ते परिसरातील टेकड्या व नाले पायी तुडवीत. टाकळीच्या थरात त्यांना गोगलगायींचे शंख, फळे, बिया, माशांचे खवले, इतकेच नव्हे तर किड्यांच्या पंखांची कठीण आवरणेही मिळाली. त्यांचा नागपूर परिसरावरील निबंध १८५५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला.

याहून प्रचंड असा शोध पुढे गोदावरीच्या खोऱ्यात लागला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी १९५८ ते १९६१ या काळात सिरोंचाच्या परिसरात पोचमपल्ली गावाजवळ सुमारे ३०० हाडे खोदून काढली. त्यांतील मांडीचे एक हाड सुमारे १.७ मीटर, म्हणजे एका प्रौढ माणसाएवढे लांब होते! हा एक शाकाहारी डायनोसॉर होता. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्याने त्याचे नाव 'बारापासॉरस टागोराय' असे ठेवण्यात आले. बंगाली भाषेत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय. त्याचा सांगाडा आज त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आता जीवाश्म ओळखावा कसा, ते पाहू. केवळ बाह्य आकारावर विश्वास ठेवू नये. वाहत्या पाण्याने दगड घासून घासून अंड्यासारखे गोल होतात, म्हणून ती अंडी ठरत नाहीत. काही दगडांच्या फटीत नाजूक फांद्यांसारखी काळी नक्षी असते. पाहणारा हर्षाने म्हणतो, "हा पानाचा ठसा!" पण ती नक्षी खनिजयुक्त पाणी फटीत झिरपून झालेली असते. तिला ना देठ असतो, ना मधली शीर. जीवाश्माची खरी खूण म्हणजे त्याच्या अंगातील रचना होय. दगड झालेल्या लाकडात उभे तंतू दिसतात. तुटलेल्या टोकावर कधी वाढीची वर्तुळे, तर ताडाच्या जातीचे झाड असल्यास नारळाच्या खोडाप्रमाणे ठिपके दिसतात. हाडाच्या तुकड्याचा आतला भाग जाळीदार असतो. शंखाचे वेढे एकाच क्रमाने लहान लहान होत जातात. एक साधे भिंग जवळ असले, तर या गोष्टी सहज दिसतात.

समजा, असा एखादा दगड तुम्हाला दिसला. तो उचलून खिशात घालण्याचा मोह होईल, पण क्षणभर थांबा. न्यायालयात साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारतात, "तू कोठे होतास?" शास्त्रज्ञही जीवाश्माला हाच प्रश्न विचारतो. तो कोणत्या गावच्या ओढ्यात, कोणत्या थरात, काठात रुतलेला की पात्रात सुटा पडलेला होता, हे ठाऊक असले तरच त्याचे वय व त्या काळची परिस्थिती समजते. ही माहिती हरवली, तर मागे केवळ एक शोभेचा दगड उरतो. म्हणून प्रथम वहीत जागेची नोंद करावी, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र किंवा रेखाचित्र घ्यावे आणि तारीख लिहावी. काठात रुतलेला जीवाश्म कधीही उपटू नये, कारण त्याच्याबरोबर थराचा पुरावाही नष्ट होतो. आपल्या शिक्षकांना दाखवून त्यांच्यामार्फत नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवावे. मात्र यात दिरंगाई करू नये. जो ओढा जीवाश्म उघडा करतो, तोच पुढच्या पुरात त्याचा चुरा करून टाकतो.

ओढ्याचे हे दुसरे रूप विसरून चालणार नाही. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून हिस्लॉप परत येत होते. वाटेतील नाल्याला पाणी चढले होते. ते ओलांडताना त्यांना जलसमाधी मिळाली. ज्या नाल्यांच्या काठी त्यांनी इतकी वर्षे ज्ञान वेचले, त्यांपैकीच एकाने त्यांचा बळी घेतला. म्हणून पावसाळ्यात ओढ्यात उतरू नये. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यात, वडील माणसांच्या सोबतीनेच जावे आणि ढासळणाऱ्या दरडीखाली कधीही उभे राहू नये.

टाकळी आज नागपूर शहरातच सामावली आहे. जेथे जेथे नवे रस्ते व इमारती होतात, तेथे खडकांची जुनी पाने झाकली जातात, तर कित्येक दगड खडी होऊन रस्त्याखाली जातात. अशा वेळी गावच्या ओढ्याकडे डोळसपणे पाहणारे एखादे मूल फार मोलाचे ठरू शकते. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही ओढ्याकाठी जाल, तेव्हा पायाखालच्या दगडाकडे वाकून पाहा. कदाचित तो कोट्यवधी वर्षे कोणाच्या तरी प्रश्नाची वाट पाहत असेल.