तीन पिवळ्या वायरी

वसई पूर्वेला रेंज ऑफिसकडून वालीव नाक्याकडे जाणारा रस्ता सकाळी साडेदहालाच तापला आहे. ऑक्टोबर. पाऊस गेलाय, खड्डे मागे राहिलेत. गाळ्यांमधून लेथची घरघर येते, टेम्पो हॉर्नवर हात ठेवूनच चाललेत. एका पत्र्याच्या शेडखाली वायरमनचं गॅरेज. इथे पंक्चर काढत नाहीत, ऑईल बदलत नाहीत. फक्त वायरिंग, सेल्फ, बॅटरी आणि चार्जिंग.

शेडबाहेर गाड्यांची रांग. बहुतेक सगळ्या एमएच ४८. काही ढकलत आणलेल्या, त्यांचे मालक घामाने निथळतायत. सावली फक्त शेडच्या कडेला, दोन हात रुंद. तिच्यात रात्रपाळी करून आलेला एक कामगार उकिडवा बसलाय. डिलिव्हरीवाला चौकोनी पिशवी पाठीवरून न काढता मोबाईल बघतोय. भुईगावचे एक काका स्टुलावर बसलेत, पायांत रबरी चपला, हाताच्या बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग. पहाटे माल घेऊन स्टेशन गाठायचं असतं त्यांना. आज गाडीच उठली नाही.

तक्रारी सगळ्यांच्या एकाच चालीच्या. सकाळी सेल्फ घेत नाही. हॉर्न दाबला की लाईट मंद होतो. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "बॅटरी तर नवीन आहे हो."

मिस्त्री ते ऐकून घेतात. मग काकांच्या गाडीची सीट काढतात. पान्याच्या आधी हातात येतो तो मीटर. पिवळा, कोपरे झिजलेले, एका वायरीला काळी टेप. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. चावी बंद. आकडा येतो : ११.८.

"रात्रभर उभी होती ना काका? भरलेली बॅटरी १२.६च्या वर पाहिजे. १२.२ म्हणजे अर्धी. ही उतरलेली आहे."

"म्हणजे बॅटरी गेली?"

"उतरली म्हटलं. गेली नाही म्हटलं."

या दोन शब्दांत हजार-बाराशे रुपयांचा फरक आहे. काकांनी उन्हाळ्यात एक बॅटरी टाकलीय, गणपतीच्या आधी दुसरी. दोन्ही वेळा कुणी मीटर लावला नव्हता. बॅटरी म्हणजे साठवण. ती रिकामी का राहते, हे न बघता नवी टाकली तर तीही रिकामीच होणार.

शिकाऊ पोरगा दुसरी बॅटरी आणतो, दोन जाड वायरींनी जोडतो. या गाडीला किक नाही. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि साध्या गाड्यांमध्येही इंजेक्शन आलं. पेट्रोल चढवायला पंप, पंपाला करंट. बॅटरी पार बसली की पंपाचा तो बारीक आवाजच येत नाही, मग उतारावरून ढकलूनही उपयोग नाही. त्याआधी, १ एप्रिल २०१७पासून, नव्या गाड्यांचा हेडलाईट दिवसाही चालू. बटणच नाही. दिवसाढवळ्या तो भार चार्जिंगच्या कॉईलवर.

इंजिन सुरू होतं. मिस्त्री बाहेरची बॅटरी काढायला लावतात. मीटर १२.३.

"रेस दे."

पोरगा पीळ देतो. पत्रा थरथरतो. सगळे नकळत मीटरकडे वाकतात. चार-पाच हजार फेऱ्यांवर आकडा चौदाच्या आसपास जायला हवा. १२.४. १२.६. १२.७. तिथेच अडकतो.

"चार्जिंग मारत नाही पूर्ण," मिस्त्री म्हणतात आणि इंजिन बंद करतात.

आता बाजूचं कव्हर निघतं. मॅग्नेटच्या आत बसलेल्या कॉईलच्या प्लेटमधून तीन पिवळ्या वायरी वर येतात. एका कपलरमधून पुढे आर.आर. युनिटमध्ये, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये, जातात. कॉईल एसी बनवते, आर.आर. त्याचं डीसी करतं आणि व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतं. बऱ्याच गाड्यांमध्ये जास्तीचा करंट आर.आर. तिथल्या तिथे शॉर्ट करून जिरवतं. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, आणि म्हणून ते चटका बसेल इतकं तापतं.

कपलर सुटता सुटत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने खाच दाबून, हलवून हलवून तो काढावा लागतो. मिस्त्री तो उन्हात धरतात. पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालंय. तीन खाचांपैकी एक वितळून वाकडी. तिच्यातली पिन काळीठिक्कर. तिथली वायर वाकवली तर वरचं आवरण कडकडून तुटतं. बाकी दोन पिनांवर हिरवा कीट.

खाडी, मिठागरं, समुद्र सगळं इथून जवळ. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी. पिनेवर ओल धरते, पकड सैल होते. सैल पिनेतून करंट गेला की ती तापते, तापली की आणखी सैल होते. असं महिनोन् महिने आत चाललेलं असतं आणि वरून गाडी छान धुतलेली दिसते.

पण मिस्त्री एवढ्यावर थांबत नाहीत. कपलर सुटलेलाच ठेवून, बाहेरच्या बॅटरीवर गाडी पुन्हा सुरू. मीटर आता एसीवर. पहिली-दुसरी वायर. दुसरी-तिसरी. पहिली-तिसरी. रेस तेवढीच. ५८, ५७, ५८. तिन्ही जोड्या सारख्या. एखादी जोडी वीस-पंचवीसवर राहिली असती, तर प्लेट जळालेली. मग इंजिन बंद करून मीटर बीपवर, एक टोक वायरीला, दुसरं इंजिनच्या बॉडीला. आवाज नाही. म्हणजे कॉईल अर्थ झालेली नाही.

"कॉईल ओके. आर.आर. जोडल्यावर बघू."

काका पहिल्यांदा पाठ टेकून बसतात.

जळकी वायर कापायला घेतली की आतलं तांबंही काळं निघतं. आणखी अर्धा इंच कापलं, तरी काळं. आणखी थोडं. मग लख्ख तांबं दिसतं आणि तिथून पुढे डाग मारला जातो. राळेचा धूर, वर स्लीव्ह, लायटरने आक्रसलेली. काम बारीक आहे, मिस्त्री घाई करत नाहीत. रांग वाढते. चहा येतो, कटिंग, पत्र्यासारखाच गरम.

तेवढ्यात पुढची गाडी पोरगा बघून घेतो. अर्नाळ्याहून मासळीच्या पाट्या वाहणारी. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं सीटखाली झिरपलंय. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला. लाईट लावून रेस दिली की ०.७ व्होल्ट दिसतात, तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासला, लग बदलला, वर पेट्रोलियम जेली. ०.०५. काम झालं.

तिसऱ्या गाडीवर मीटर १५.९ दाखवतो. "बंद कर, बंद कर!" मिस्त्री बसल्या जागेवरून ओरडतात. बॅटरीच्या कडा फुगल्यात, बल्ब वरचेवर उडतात. आर.आर. गेलंय. इथे बॅटरीही बदलावी लागणार, आणि तेही मिस्त्री स्पष्ट सांगतात.

डिलिव्हरीवाल्याची गाडी रेसवर १४.१ देते. चार्जिंग उत्तम. तरी सकाळी बॅटरी बसते. मग चावी काढून मायनसची वायर सोडतात आणि मीटर मध्ये जोडतात, अँपिअरवर. "आता सेल्फला हात लावू नको, मीटरचा फ्यूज उडेल." चावी बंद असताना गाडीने काही मिलीअँपिअर खावेत. इथे १८०. हँडलवरचा मोबाईल चार्जर आणि गाडीतला ट्रॅकर, दोन्ही थेट बॅटरीवर जोडलेले. दहा तासांत १.८ अँपिअर-अवर गेले, बॅटरी आहे पाचाची. दिवस सिग्नलला आणि पुलाच्या चढावर रांगत काढायचा, तर तेवढं परत भरणार कधी? चार्जरची वायर चावीच्या लाईनवर घेतली जाते. पोरगा हिशेब पुन्हा विचारतो, मिस्त्री पुन्हा सांगतात. हे असं आकडा बघून काम करणं मला फार आवडतं. मागच्या पिढीच्या बुलेटवर हेडलाईटच्या टोपीत अँपिअरचा काटा असायचा, मालकाला रोज दिसायचा. आता दोन बोटांएवढा डिजिटल व्होल्टमीटर हँडलवर बसवून मिळतो, आणि रोज लांब जाणाऱ्याने तो बसवावाच असं मला मनापासून वाटतं.

काकांच्या गाडीला नवा कपलर बसलाय. सुरू. रेस. १३.४, १३.९, १४.२. हेडलाईट अप्पर करून, ब्रेक दाबून पुन्हा. १४.०.

"बॅटरी टाकू का नवीन?"

"नको काका. ही माझ्याकडे ठेवा. अर्ध्या अँपिअरवर रात्रभर लावतो. सकाळी चार्जर काढून दोन-तीन तास नुसती ठेवायची. १२.६च्या वर टिकली तर हीच चालवा."

"मला पहाटे चारला निघायचंय."

मिस्त्री मागच्या फळीवरून एक जुनी बॅटरी काढतात, तिच्यावर मीटर लावतात, १२.५ बघून गाडीत बसवतात. भाड्याचे पैसे घेत नाहीत. कपलरचे आणि मजुरीचे घेतात.

"उद्या दुपारी या. ही परत आणायला विसरू नका."