दर पंधरा तासांनी दामदुप्पट

१९४६ च्या उन्हाळ्यात हंगेरीत एक नोट व्यवहारात आली. पुढच्या बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, मागे डॅन्यूबकाठचं संसदभवन. किंमत अक्षरांत छापलेली: दहा कोटी बी-पेंगो. ‘बी’ हे एवढंसं अक्षर दिसतं साधं, पण एक बी-पेंगो म्हणजे एक लाख कोटी पेंगो. तेव्हा त्या नोटेची खरी किंमत आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देत लिहायची, तर १०,००,००,००,००,००,००,००,००,००० पेंगो. एकावर वीस शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची यादी परार्धावर थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही एक नोट हजार परार्धांची होती, आणि लोक ती खिशात कोंबून बटाटे आणायला निघत होते.

जगात आजवर चलनात आलेली सर्वांत मोठ्या मूल्याची नोट हीच. झिम्बाब्वेची शंभर लाख कोटी डॉलरची नोट आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून सगळ्यांना पाठ झाली आहे. १९२३ च्या जर्मनीत हातगाडीवरून नोटा नेतानाची छायाचित्रंही पाठ्यपुस्तकांत भेटतात. त्या जर्मनीची सर्वांत मोठी नोटही शंभर लाख कोटी मार्कांचीच होती. हंगेरीच्या नोटेवर या दोघांपेक्षा सहा शून्ये जास्त. तरी हंगेरीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

पेंगो हे चलन जन्मालाच आलं ते एका राखेतून. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचं जुनं चलन, कोरोना, असंच मातीमोल झालं होतं. १ जानेवारी १९२७ रोजी १२,५०० कोरोनांना एक पेंगो या दराने नवं खातं उघडलं गेलं. त्या वेळी ३,८०० पेंगोंना एक किलो शुद्ध सोनं असा भाव ठरवला होता. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हणजे १९४६ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या हंगेरियन माणसाने एकाच आयुष्यात दोनदा आपल्या देशाचा पैसा बुडताना पाहिला.

दुसऱ्या महायुद्धात हंगेरी जर्मनीच्या बाजूने होता, आणि शेवटी रणांगणच त्याच्या अंगणात आलं. बुडापेस्टचा वेढा १९४४ च्या नाताळात आवळला गेला आणि १३ फेब्रुवारी १९४५ ला संपला. मागे हटणाऱ्या जर्मनांनी शहरातले डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले. देशाच्या एकूण संपत्तीपैकी सुमारे ४० टक्के संपत्ती नष्ट झाली होती. त्यावर तहाची अट अशी की सहा वर्षांत ३० कोटी डॉलर नुकसानभरपाई द्यायची. त्यातले २० कोटी सोव्हिएत संघाला, उरलेले चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हियाला. शिवाय देशात तळ ठोकून बसलेल्या लाल सेनेचा खर्च होताच. त्या सेनेने तर स्वतःच्याच पेंगो नोटा छापून आणल्या होत्या. म्हणजे घर जळालेलं, सावकार दारात उभा, आणि घरातल्या तिजोरीची एक किल्ली पाहुण्याकडे.

कर गोळा करायचा तर कमावतंय कोण? मग सरकारने छापखाना सुरू केला. याला कुणी वेडेपणा म्हणतं, मला तसं वाटत नाही. कोरी करकरीत नोट सर्वांत आधी सरकारच्या हातात पडते. भाव वाढायच्या आत सरकार तिच्यावर कोळसा घेतं, मजुरी देतं, कारखान्याला कर्ज देतं. ती नोट हिंडत हिंडत शिक्षकाच्या किंवा पेन्शनीत निघालेल्या कारकुनाच्या हातात पडते, तोवर तिच्यातला जीव गेलेला असतो. हा फरक म्हणजे करच. त्याची पावती मिळत नाही, एवढंच. या पैशावर रेल्वे पुन्हा धावली, कारखान्यांची चाकं फिरली, हेही खरं. पण कुणाच्या ताटातलं उचलून, ते पाहिलं की त्या हिशेबातला थंडपणा अंगावर येतो.

एकदा तर सरकारने आडपडदाही ठेवला नाही. डिसेंबर १९४५ मध्ये फर्मान निघालं की एक हजार, दहा हजार आणि एक लाखाच्या नोटांवर सरकारी तिकीट चिकटवलं असेल तरच त्या पूर्ण किमतीला चालतील. तिकिटाची किंमत? नोटेच्या तिप्पट. हजाराची एक नोट वाचवायला तीन हजार मोजायचे. चार हजारांची रोकड घेऊन रांगेत उभं राहायचं आणि तिकीट डकवलेली एक हजाराची नोट घेऊन घरी यायचं. पाऊण रोकड एका फटक्यात पुसली गेली. भाव जेमतेम काही दिवस दबले आणि पुन्हा उसळले.

१ जानेवारी १९४६ पासून आणखी एक युक्ती आली. कर भरायला लोक उशीर करत, कारण महिनाभर थांबलं की कर आपोआप फुकटात फिटत असे. म्हणून सरकारने ‘अदोपेंगो’, म्हणजे कर-पेंगो, नावाचं हिशेबाचं वेगळं एकक काढलं. आज एक कर-पेंगो म्हणजे किती साधे पेंगो, हे रोज रेडिओवर जाहीर व्हायचं. पहिल्या दिवशी एकाला एक. कल्पना चांगली होती, पण बँकांतल्या ठेवीही या एककात ठेवता येऊ लागल्या, आणि लोकांनी साधा पेंगो हातात पडताच तो कुठे तरी टाकून मोकळं व्हायचा सपाटा लावला. पैसा जितका भराभर फिरतो, तितके भाव भराभर चढतात. आग विझवायला आणलेल्या बादलीत रॉकेल निघावं, तसं झालं. जुलैअखेर एक कर-पेंगो म्हणजे दोनावर एकवीस शून्ये इतके पेंगो झाले होते.

छापखान्याला नवनव्या नोटांची चित्रं काढायला वेळच नव्हता. तेव्हा जुनेच ठसे घ्यायचे, रंग बदलायचा आणि एक शब्द बदलायचा. ‘पेंगो’चा ‘मिलपेंगो’ केला की किंमत दहा लाख पट, ‘बी-पेंगो’ केला की आणखी दहा लाख पट. तेच चित्र, तीच बाई, फक्त कालची हिरवी आज निळी. शंभर कोटी बी-पेंगोची, म्हणजे एकवीस शून्यांची नोटही छापून तयार होती. ती बाहेर पडण्याआधीच खेळ संपला. गंमत म्हणजे जॉर्ज गॅमॉव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, संख्यांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात दोन हंगेरियन सरदारांच्या विनोदाने केली. सर्वांत मोठी संख्या कोण सांगतो, अशी त्यांच्यात पैज लागते. एक जण बराच विचार करून ‘तीन’ म्हणतो, आणि दुसरा पाव तास डोकं खाजवून हार मानतो. बुडापेस्टच्या कुठल्याही भाजीवाल्याने त्या दोघांची शिकवणी घेतली असती.

आता जुलै १९४६. त्या एका महिन्यातली भाववाढ अभ्यासकांनी काढली आहे ती ४.१९ वर सोळा शून्यांच्या घरातली: ४१,९०,००,००,००,००,००,००० टक्के. टक्के सोडा. महिन्याच्या सुरुवातीला एका पेंगोला मिळणारी वस्तू महिनाअखेर ४१९ लाख कोटी पेंगोंना. भारताचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ५० लाख कोटी रुपयांचा आहे. त्याच्या आठपटीहून मोठा आकडा, तोही तीस दिवसांत.

असले आकडे डोक्यावरून जातात. चौदा शून्ये काय आणि चोवीस काय, माणसाला दोन्ही सारखीच. म्हणून शून्यांकडे न बघता घड्याळाकडे बघावं. भाव दर पंधरा तासांनी दुप्पट होत होते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने महागाईची वरची मर्यादा सहा टक्के धरली आहे. त्या वेगाने भाव दुप्पट व्हायला बारा वर्षं लागतात. जर्मनीत १९२३ च्या ऑक्टोबरात त्याला पावणेचार दिवस लागत, झिम्बाब्वेत २००८ च्या नोव्हेंबरात एक दिवस आणि थोडा वेळ. हंगेरीत संध्याकाळी सहाला दुकान बंद होताना पाहिलेला भाव सकाळी नऊला फळी उघडताना दुप्पट.

शनिवारी दुपारी बाराला कारखान्यात पगार झाला आणि कुणी म्हणालं, सोमवारी सकाळी नऊला सावकाश बाजारात जाऊ. मधले तास ४५. तीनदा दामदुप्पट. पगाराचा आठवा हिस्सा हातात उरला, बाकीचे सात हिस्से रविवारच्या विश्रांतीत गेले. म्हणून लोक पगार हातात पडताच पळत सुटत. मालकही पुढे पुढे पगारात पीठ, बटाटे, चरबी देऊ लागले, कारण कामगाराला तेच हवं होतं. शहरातले लोक अंगठ्या, कोट, चादरी घेऊन खेड्यात जात आणि शेतकऱ्याकडून धान्य आणत. ज्याच्याकडे जमीन, कोंबड्या किंवा सोनं होतं, तो तरला. कर्ज काढलेला माणूस तर नशीबवान. ज्याची सगळी पुंजी बँकेच्या पासबुकात होती, तो मेला. काटकसर शिकवणाऱ्या सगळ्या सुभाषितांचा तो महिना वैरी होता.

बुद्धिबळाच्या पटावर गहू मागणाऱ्याची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. राजाचं कोठार रिकामं पडतं, ती गोष्ट. दर घराला पंधरा तास धरले, तर चौसष्ट घरं चाळीस दिवसांत संपतात. त्या पटावरचे सगळे दाणे मिळून भरतात साधारण १८४ परार्ध. हजार परार्धांची ती एक नोट तसले पाच पट भरून वर उरली असती. गोष्टीतल्या राजाला निदान आपण फसलो हे शेवटी कळतं. इथे राजा स्वतःच दाणे छापत होता.

१ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट आला. एका फोरिंटला पेंगो किती? चारावर एकोणतीस शून्ये. पुन्हा शून्ये बाजूला ठेवू आणि नोटा मोजू. वीस शून्यांची ती सर्वांत मोठी नोट घ्या. एका फोरिंटसाठी तसल्या ४०० कोटी नोटा लागल्या असत्या. जगातल्या त्या वेळच्या प्रत्येक माणसाला एकेक देऊनही उरल्या असत्या एवढ्या. नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर त्यांची चवड ४०० किलोमीटर उंच होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण त्याच उंचीवरून फिरतं. आणि डॉलरला ११.७४ फोरिंट असा दर ठरला होता, म्हणजे या सगळ्या चवडीची किंमत साडेआठ अमेरिकी सेंट.

मघाचा सोन्याचा भाव आता काढू. फोरिंटची किंमत ठरवताना एक किलो शुद्ध सोनं १३,२१० फोरिंट असं धरलं होतं. एका फोरिंटचं सोनं तोळ्याच्या काट्यावर जेमतेम दिसेल, ग्रॅमचा तेरावा भाग. तरी त्यात सोन्याचे अणू असतात तेविसावर एकोणीस शून्ये इतके. एका फोरिंटचे पेंगो या अणूंत वाटले, तर दर अणूला सुमारे १७३ कोटी पेंगो येतात. सोन्याचा एक अणू, १७३ कोटी. १९२७ मध्ये कुणी ३,८०० पेंगो साठवले असते, तर त्याच्या गाठीला किलोभर सोन्याची ऐपत होती. १९४६ मध्ये अशा साडेचार लाख माणसांनी आपापले ३,८०० पेंगो एकत्र आणून ठेवले असते, तर सगळ्यांत मिळून एक अणू आला असता.

फोरिंट टिकला तो काही नुसत्या नव्या नावामुळे नव्हे. सरकारी खर्चाला कात्री लागली, नोटा किती छापायच्या याला बांध घातला गेला, आणि पाठीशी सोनं आलं. ते सोनंही फिरून आलेलं. युद्धाच्या अखेरीस हंगेरीच्या मध्यवर्ती बँकेने आपलं सुमारे ३० टन सोनं आगगाडीत भरून, कर्मचारी आणि त्यांच्या बायकामुलांसकट, ऑस्ट्रियातल्या श्पिटाल आम पीर्न या गावी हलवलं होतं. तिथे ते अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेलं. जून १९४६ मध्ये पंतप्रधान फेरेन्स नॉज वॉशिंग्टनला जाऊन ते परत मिळवण्याचं आश्वासन घेऊन आले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोन्याची गाडी बुडापेस्टला पोचली. नव्या भावाने ते सोनं सुमारे ४० कोटी फोरिंटांचं. पंधरा तासांचं चक्र जसं भरधाव सुरू होतं, तसंच ते जागच्या जागी थांबलं. दुकानांत माल दिसू लागला. तो आधी होता कुठे, हा प्रश्न विचारू नये.

श्रेय मात्र कम्युनिस्ट पक्षाने उचललं. फोरिंट म्हणजे आमचा विजय, असा त्यांचा प्रचार होता. सोनं आणणारे नॉज छोट्या शेतकऱ्यांच्या पक्षाचे. १९४७ च्या मे महिन्यात ते स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीवर असताना त्यांच्यावर राजीनाम्यासाठी दबाव आला. लहान मुलगा मागे हंगेरीतच होता. मुलगा सुखरूप ताब्यात मिळाला तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, आणि पुढचं आयुष्य अमेरिकेत काढलं. कम्युनिस्ट राजवटही १९८९ मध्ये गेली. हंगेरी २००४ मध्ये युरोपीय संघात शिरला, पण युरो त्याने अजून घेतलेला नाही. बुडापेस्टच्या ट्रामचं तिकीट आजही फोरिंटमध्येच काढावं लागतं.