विद्यापीठातील इंग्रजी आणि सीमाभागातील विद्यार्थी

घरची भाषा एक आणि विद्येची भाषा दुसरी, हा अनुभव बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांना नवा नाही. पंधराव्या शतकात बीदर शहरी महमूद गावानाचा मदरसा उभा राहिला. तेथील अध्ययन अरबी व फारसीतून चाले. बाहेरच्या बाजारात मात्र निराळ्याच बोली कानी पडत. पुढे निजामी अमलात, १९१८ साली, हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. मराठी व कानडी मुलांना विज्ञान आणि इतिहासही उर्दूतूनच शिकावा लागे. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाले आणि त्यानंतर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे दोन्ही जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. १९८० साली गुलबर्गा विद्यापीठ आणि २००९ साली आळंद तालुक्यातील कडगंची येथे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण दाराशी आले खरे. पण विषय समजूनही तो सांगता येत नाही, ही जुनी अडचण मात्र दाराबाहेर गेली नाही.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचे उदाहरण घ्यावे. घरात तो मराठी बोलतो, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी. तीन भाषांत सहज वावरणारा हा मुलगा तोंडी परीक्षेत इंग्रजी प्रश्न येताच गप्प होतो. परीक्षक समजतो, अभ्यास नाही. मुलगा समजतो, आपल्याला बुद्धीच नाही. दोन्ही अनुमाने बहुधा चुकीची असतात. परंतु अशा अनुमानांपायी कित्येकदा चांगला विद्यार्थी शिक्षणच सोडून देतो, आणि हे नुकसान त्याच्या एकट्याचे राहत नाही.

ज्याला तीन भाषा येतात त्याला चौथी का अडते? याचे उत्तर सीमाभागातीलच एका गावाच्या अभ्यासात सापडते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तेथील बोलींचे निरीक्षण करून १९७१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्याची घडण जवळजवळ एकच झाली, असे त्यांना आढळले. एका भाषेतील शब्द काढून त्या जागी दुसरीचा शब्द बसवला की वाक्य तयार होते. बहुभाषक मुलाला हीच सवय अंगवळणी पडलेली असते. इंग्रजीपाशी ती उपयोगी पडत नाही, कारण तेथे वाक्याचा साचाच वेगळा आहे.

मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. आपण 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे 'वर' मागून लावतो. इंग्रजी 'ऑन' नामाच्या पुढे उभे राहते. 'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे आपल्याकडे नाहीत. म्हणून विद्यार्थी ती गाळतो, किंवा 'अ'च्या जागी 'वन' घालतो. 'ज्या शेतात पाणी साचले, त्या शेतातील तूर वाळली' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत आधी तूर येते, मग शेत आणि त्यानंतर त्याचे वर्णन. लांब वाक्यात हा क्रम सांभाळताना विद्यार्थ्याची तारांबळ उडते. अशा वेळी एका वाक्याची दोन वाक्ये करावीत; त्यात कमीपणा काही नाही.

तथापि व्याकरण सुधारले म्हणजे विद्यापीठीय लेखन साधले असे नव्हे. तेथे खरी कसोटी विचाराच्या मांडणीची असते. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध आहे; तेथलाच दाखला घेऊ. 'पाऊस कमी झाला' आणि 'पीक घटले' ही दोन निरीक्षणे झाली. 'पाऊस कमी झाल्यामुळे पीक घटले' हे मात्र विधान झाले, आणि त्याला पुरावा हवा. कारण पीक रोगानेही घटू शकते. परिच्छेदात आधी विधान, मग पुरावा आणि शेवटी त्यावरून निघणारा निष्कर्ष, असा क्रम ठेवला की वाचकाला वाट सापडते. विधानाची मात्राही नेमकी हवी. 'घटले' आणि 'घटले असावे' यांतील अंतर मराठी मुलाला घरीच कळलेले असते. पण इंग्रजी लिहिताना तो प्रत्येक तर्काला सिद्धान्ताचा वेष चढवतो. 'असावे'चे काम करणारे 'मे' आणि 'सीम्स' यांसारखे शब्द त्याने आवर्जून वापरले पाहिजेत.

शब्द सुचत नाहीत म्हणून गाईडातील उतारे जसेच्या तसे उतरवणे हा मोठा मोह असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील उसना मजकूर १० टक्क्यांच्या पुढे आणि ४० टक्क्यांपर्यंत आढळला, तर तो दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. उतारा वाचावा, पुस्तक मिटावे, त्यातील मुद्दा मराठीत कोणाला तरी सांगावा आणि मगच तो स्वतःच्या इंग्रजीत लिहून मूळ लेखकाचे नाव द्यावे. मराठीत जो मुद्दा सांगता येत नाही, तो समजलेलाच नसतो.

बोलण्याच्या बाबतीत परदेशी ढब आणण्याचा हव्यास धरू नये. शब्दातील आघात मात्र सांभाळावा: 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करावे, आठवड्यातून एकदा चार मित्रांपुढे पाच मिनिटे एकच मुद्दा मांडावा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. प्रश्न नीट कळला नाही तर तो पुन्हा विचारण्याचे वाक्य तोंडपाठ असावे. निम्मी भीती तेथेच सरते. अध्यापकांनीही चूक सुधारावी ती बोलणे पुरे झाल्यावर, आणि वर्गात हसू पिकू देऊ नये.

सीमाभागातील विद्यार्थ्याने इंग्रजीसाठी आपली मराठी बाजूला सारण्याचे कारण नाही. विचार घडवण्याचे काम त्याची भाषा करीलच. इंग्रजीने तो विचार दूरवर पोहोचवायचा आहे. जी भूमी शतकानुशतके अनेक भाषांतून शिकत आली, तिच्या मुलांना हे काम अवघड वाटेल, अशक्य नाही.