प्रश्न गावाचा, पदवी विद्यापीठाची

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लाखनी लागते. पावसाळा सरत असताना या रस्त्याने जाणाऱ्यास दुतर्फा धानाच्या बांध्या दिसतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला कोठे ना कोठे तलावाची पाळ दिसते. हा तलावांचा जिल्हा. सकाळच्या वेळी याच रस्त्याने महाविद्यालयाकडे निघालेली मुलेमुलीही दिसतात. त्यांतील पुष्कळांची शेती त्या तलावावर भिजते, काहींच्या घरी त्यातील मासळीवर चूल पेटते. परंतु महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरताना तलाव बाहेर राहतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन ती बाहेर पडतात, तेव्हाही तो बाहेरच असतो.

वास्तविक त्या तलावाविषयी इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि वाणिज्य या तिन्ही शाखांना सांगण्यासारखे बरेच आहे. तो कोणी व कोणत्या करारावर बांधला, त्यात माजलेली बेशरम कशी हटेल, मच्छीमार संस्थेचा हिशेब तोट्यात का जातो, हे प्रश्न एकाच पाण्याचे आहेत. पण शाखा वेगवेगळ्या खोल्यांत बसतात आणि वर्षअखेर वेगवेगळ्या उत्तरपत्रिका लिहून मोकळ्या होतात.

अलीकडे विद्यापीठीय वर्तुळात ‘आव्हानाधिष्ठित शिक्षण’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. त्याचा अर्थ सोपा आहे. आधी सिद्धान्त आणि मग त्याचे उदाहरण, हा नेहमीचा क्रम उलटावयाचा. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही असा खरा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचा. निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून त्याचा छडा लावावयाचा, आणि लागणारे ज्ञान त्या ओघात मिळवावयाचे. त्यातून एखादी नवी वस्तू, नवी पद्धत किंवा नवा व्यवसाय उभा राहिला तर ती उद्योजकता. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापन झाले तेच प्रश्नाधिष्ठित अध्यापनाचा पाया घालून. मेक्सिकोतील मॉन्टेरे येथील तंत्रविद्यापीठाने २०१९ पासून आपल्या पदवी शिक्षणाची रचनाच आव्हानांभोवती केली.

मात्र हा विचार परदेशातून आला अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून ज्ञान, ही कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. ती ‘नई तालीम’ शाळांपुरती राहिली व तेथेही फार काळ रुजली नाही. विद्यापीठांनी तर तिची दखलच घेतली नाही. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. गाव हीच प्रयोगशाळा मानून, शाळेत नापास ठरलेल्या मुलांनाही शेती, बांधकाम, वीजकाम करता करता विज्ञान शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे विचार आपल्याकडे होता आणि प्रयोगही होता. पदवीच्या दारापर्यंत मात्र तो पोचला नाही.

आता ते दार किंचित उघडले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्प, समाज-सहभाग आणि कार्य-प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळाले आहेत. दुसरीकडे २०१७ पासून केंद्र सरकार ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही स्पर्धा भरवीत आहे. सरकारी खात्यांनी व उद्योगांनी दिलेल्या प्रश्नांवर सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट काम करतात, गटात एक तरी विद्यार्थिनी असावी लागते, आणि संगणक-प्रणालीच्या विभागातील अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते. या स्पर्धेने हजारो तरुणांना आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर पाहावयास लावले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ३६ तासांत जो सुटतो तो प्रश्न कोणता? ज्याची कागदावर नीट मांडणी होऊ शकते तो. लाखनीच्या परिसरातील तलावाचा प्रश्न तसा नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे ७,००० तलाव आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क मिळत, आणि या कामात कोहळी समाजाने विशेष नैपुण्य मिळविले. जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरेल अशी साखळी त्यांनी बांधली. भाद्रपद-आश्विनात पाऊस दडी मारतो आणि धान नेमके लोंबीवर असते, तेव्हा या पाण्यावर पीक हाती येई. उन्हाळ्यात तळाचा गाळ बांध्यांत पडे, मासळी ढिवरांची. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी दप्तरात त्यांचा ‘मामा तलाव’ झाला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालकी स्पष्ट झाली. पण दरवर्षी पाळ कोणी नीट करावी, गाळ कोणी काढावा, पाणी कोणाला आधी, हे ठरविणारी गावची घडी विस्कटली.

आता या तलावापुढे विद्यार्थ्यांचा एक गट उभा करा. स्थापत्याचा विद्यार्थी म्हणेल, गाळ उपसला की साठा वाढेल. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी त्याला थांबवील, कारण काठाकडील उथळ पाण्यातील वनस्पतींतच देशी मासे अंडी घालतात व तो भाग सरसकट खणला तर मासळी जाईल. शेतकऱ्याला पाणी सोडावयास हवे असते आणि ढिवराला ते राखावयास हवे असते. या दोघांचे मिटल्याशिवाय अभियांत्रिकीचे उत्तम अंदाजपत्रकही निरुपयोगी ठरते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला कळले पाहिजे आणि ते इतरांना पटविता आले पाहिजे. आंतरविद्याशाखीय अध्ययन ते हेच. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने गोंदिया जिल्ह्यातील काही तलावांत मच्छीमारांना बरोबर घेऊन बेशरम उपटली, तळ तयार करून देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळी पुन्हा वाढू शकते हे दाखविले. त्या कामात ढिवर स्त्री-पुरुषांना असलेली वनस्पतींची आणि माशांची जाण हीच मुख्य विद्या होती. ती कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हती.

येथे आपल्या धानपट्ट्यातील आणखी एका माणसाचे स्मरण होते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये आपल्या बांधीतील धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. ते दाणे त्यांनी निराळे ठेवले, वर्षानुवर्षे पेरून निवडले, आणि त्यातून ‘एचएमटी’ हे वाण निघाले. त्या काळी हौसेने वापरल्या जाणाऱ्या मनगटी घड्याळाचे नाव व्यापाऱ्याने त्याला दिले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. श्रेय कोणाचे, यावर पुढे वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला, पण जून २०१८ मध्ये ते गेले ते मोठ्या आर्थिक ओढगस्तीनंतर. त्यांच्या वाणांनी धानपट्ट्यात व्यापार उभा राहिला, मात्र त्यांच्या वाट्याला त्याचा नफा आला नाही.

नवनिर्मिती आणि उद्योजकता शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गात ही कथा पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे. तिच्यातून दोन गोष्टी निघतात. नवनिर्मितीस लागणारा काळ हंगामात मोजावा लागतो, तासांत नव्हे. आणि ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याचे देणे आधीच ठरवून ठेवावे लागते. विद्यार्थ्यांच्या गटाने एखाद्या ढिवर आजीकडून माशांच्या प्रजननाची माहिती घेतली, तिच्यावर मत्स्यबीजाचा व्यवसाय उभारला आणि पारितोषिकही मिळविले, तर त्यात त्या आजीचा वाटा कोणता? या प्रश्नाचे उत्तर न देता पार पडलेला प्रकल्प कितीही चमकदार असला, तरी तो जुन्याच अन्यायाची नवी आवृत्ती होय.

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रश्न ज्याचा त्याला परीक्षेत स्थान असले पाहिजे. विषयाची निवड ग्रामसभेपुढे किंवा मच्छीमार संस्थेच्या बैठकीत व्हावी. काम निदान एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चालावे, आणि मूल्यमापनातील काही गुण त्या गावाच्या हाती असावेत. ‘तुमच्या अहवालाचा आम्हांला काय उपयोग झाला?’ या गावकऱ्याच्या प्रश्नाइतका कठोर परीक्षक विद्यापीठाला मिळणार नाही. प्रयत्न फसला तरी तो का फसला हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळावेत, अन्यथा यशाचे खोटे अहवाल लिहिण्याची सवय तेवढी लागेल.

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते गैर नाहीत. लाखनीच्या समर्थ महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने ठरविले तरी शेजारी अभियांत्रिकीची शाखा नाही. प्राध्यापकांचा कार्यभार तासिकांत मोजला जातो. तलावाच्या पाळीवर घालविलेली दुपार त्यात बसत नाही. विद्यार्थ्यांची नजर स्पर्धा परीक्षेवर आणि नागपूर-पुण्याच्या नोकरीवर. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर उपाय नाहीत असे नाही. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र चालू आहे आणि तेथील विद्यार्थ्यांचा खेड्यातील मुक्काम हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्याच प्रेरणेने राज्य शासनाने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू करून अभियांत्रिकी महाविद्यालयांना जिल्हा प्रशासनाच्या प्रश्नांशी जोडण्याची वाट घालून दिली. तिच्यात कला, वाणिज्य व विज्ञानाच्या ग्रामीण महाविद्यालयांना बरोबरीचे स्थान देणे, दोन महाविद्यालयांचे संयुक्त गट मान्य करणे आणि प्राध्यापकांच्या क्षेत्रकार्याची कार्यभारात गणना करणे, हे नागपूर विद्यापीठाच्या व शासनाच्या आवाक्यातील निर्णय आहेत.

नोकरीचे म्हणाल तर, प्रत्येक विद्यार्थ्याने कारखाना काढावा असे कोणी म्हणत नाही. परंतु मत्स्यबीज, तलावातील कमळकंद व शिंगाडा, हातसडीचा सुवासिक तांदूळ, कोसा यांच्या भोवती चार तरुणांनी गावात राहून जगावे एवढी व्यवस्था उभी राहिली, तर गाडीत बसून जाणाऱ्यांपैकी काहींना मागे वळण्याचे कारण मिळेल. आणि जे जातील तेही एक अवघड प्रश्न चार बाजूंनी कसा पाहावा, हे शिकून जातील.

श्रेयांक मिळाले, आता ते कशावर खर्ची पडणार हे ठरावयाचे आहे. क्षेत्र-प्रकल्पाची वही छापील मजकुरावरून उतरवून काढता येते आणि तिच्यावर सहीही होते. तसे झाले तर हे उघडलेले दार पुन्हा केव्हा लागले ते कोणाला कळणारही नाही. येत्या पावसाळ्याआधी लाखनी परिसरातील एखादा तलाव निवडून, त्याच्या पाळीवर गावकरी, ढिवर, विद्यार्थी व प्राध्यापक यांची पहिली बैठक भरविण्यास कोणत्याही नव्या परिपत्रकाची आवश्यकता नाही.