अशक्तपणा क्षयाचा की पोटॅशियमचा?

भिवंडीत यंत्रमागावर तासन्‌तास उभा राहणारा कामगार क्षयाचे उपचार सुरू असताना म्हणतो, "पायात जीवच नाही!" घरचे म्हणतात, आजारच तसा. पण मंडळी, कधी कधी रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असतं. लिटरमागे ते साधारण ३.५ ते ५ मिलिमोल हवं. स्नायू आणि हृदयाचे ठोके त्याच्यावर चालतात.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी कानामायसिन, कॅप्रिओमायसिन ही प्रतिजैविक इंजेक्शनं देत. त्यांनी, विशेषतः कॅप्रिओमायसिनने, मूत्रावाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निघून जाई. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही वापरू नयेत असं सांगितलं. आता बेडाक्विलिनच्या गोळ्या असतात. त्यांचा परिणाम हृदयाच्या लयीवर होऊ शकतो, आणि पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो. उलट्या-जुलाबांनीही ते घटतं, मग प्रतिजैविक साधं का असेना.

अशा वेळी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं. शहाळ्याचा उपयोग थोडाफार; मूत्रपिंड अधू असेल तर तेही विचारूनच. आणि मॅग्नेशियम कमी असेल, तर ते भरून निघेपर्यंत पोटॅशियम काही केल्या वर येत नाही.