कडुलिंबाची चांदी आणि धुण्याचं पाणी

स्मार्ट कापड म्हटलं की डोळ्यांपुढे हृदयाचे ठोके मोजणारा टी-शर्ट येतो. त्याच्याकडे आपण वळूच, पण सुरुवात मोज्यांपासून करू या. कारण कापडावर बसवलेल्या नॅनोकणांचं पुढे काय होतं, हे मोजे धुऊन तपासलं गेलेलं आहे.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरचे जिवाणू घामातले पदार्थ मोडतात, त्यातून वास येतो. चांदीचे आयन या जिवाणूंना मारतात, म्हणून धाग्यावर चांदीचे नॅनोकण बसवतात. नॅनोकण म्हणजे साधारण १०० नॅनोमीटरच्या आतला. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. चांदी तेवढीच, पण इतकी बारीक केली की तिचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि आयन भराभर सुटतात. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, लगेच कळेल.

हे कण करायचे कसे? सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडसारखं तीव्र रसायन घालणं ही रुळलेली पद्धत. त्याऐवजी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं कडुलिंबाच्या पानांचा काढा वापरला. हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. पानातले रेणूच चांदीच्या आयनांचे कण बनवतात, आणि तेच कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. सुंदर रसायनशास्त्र आहे हे! नंतर तुळस झाली, कोरफड झाली. अंगणातल्या बहुतेक झाडांचा काढा करून झाला असेल.

पण आता बघा. काढ्यातून आली म्हणून चांदी काही पालेभाजी होत नाही. कारखान्यातलं एक विषारी रसायन टळलं, हा फायदा खरा. कापडावर बसल्यानंतर मात्र ती चांदीच असते, आणि कापड धुतलं जातं.

अमेरिकेत ॲरिझोना राज्य विद्यापीठात बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये सहा प्रकारचे मोजे घेऊन साबण न घालता, नुसत्या शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा घुसळले. काहींमधली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली, तर काहींमधली जेमतेम एक टक्का गेली. फरक कशानं पडतो? कण धाग्याच्या आत आहेत की वरून नुसते चोपडले आहेत, यानं बराच पडतो. ‘पर्यावरणस्नेही’ ठरवायचं तर माझ्या मते कण कसे केले याआधी ते कसे बसवले, हे विचारायला हवं.

निघालेली चांदी कुठे जाते? सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोचली तर तिचं बरंचसं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते फारच कमी विरघळतं, त्यामुळे त्याचा जाच कमी, आणि ते गाळात बसतं. म्हणजे केंद्र असेल तर धोका आटोक्यात. पण जिथे सांडपाणी नाल्यातून थेट नदीत जातं, तिथे मधली ही पायरीच नाही.

आता तो टी-शर्ट. त्याला वीज वाहून नेणारा धागा लागतो, आणि तिथेही बऱ्याचदा चांदीचाच मुलामा असतो. पर्याय म्हणून ग्राफीन आहे. ते ग्राफीन ऑक्साइडपासून करताना हायड्रॅझिन हे विषारी रसायन वापरत. त्याऐवजी क जीवनसत्त्वानंही काम होतं. छानच. पण तो धागा पॉलिएस्टरमध्ये विणला, वर बॅटरी जोडली, की जुना झालेला शर्ट ना चिंध्यांत जातो, ना इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात. वेगळं करणार कोण आणि कसं, याचं उत्तर विणतानाच द्यावं लागतं. निदान बॅटरी आणि सर्किट बटणासारखं काढता यावं.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे : ‘मग असे कपडे घ्यायचे की नाही?’ भाजलेल्या जखमेवरच्या पट्टीत चांदी असू द्या, तिथे ती जंतुसंसर्ग रोखायला असते. हृदयरुग्णाच्या शर्टातही असू द्या. मोज्यांना साबण पुरतो.